पोरीचं डोकं आणि आईचा घोर

पोटातल्या बाळाला चांगलं काहीतरी ऐकवत जावं, असं सगळेच सांगतात. माझ्या भाचीनं पोटात असताना ऐकलं ते डिझेल इंजिन.

माझी धाकटी बहीण दौंड तालुक्यात दिलेली. केडगावच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात दाजींचं गुऱ्हाळ आहे. घर त्याला इतकं लागून की स्वयंपाकघराच्या भिंतीला नुसता तळहात लावला तरी ऊस पिळणारा चरक फिरतोय की थांबलाय ते कळावं. विजेचा तेव्हा काही भरवसा नव्हता, म्हणून चरक इंजिनावर चालायचा. टुक्, टुक्, टुक्, आणि मग एक खोकला: भक्! पुन्हा टुक्, टुक्, टुक्, भक्! बहीण गरोदरपणात त्याच भिंतीला पाठ लावून बसायची, कारण ती भिंत उबदार लागायची.

आम्ही शिरूरकरांनी आमच्या परीनं संस्कारांची सोय केली होती. आईनं भजनांची सीडी पाठवली. माझा मंडप आणि स्पीकरचा धंदा. मी बासरीची सीडी आणि एक चांगला स्पीकर पाठवला. पुढच्या खेपेला गेलो तर स्पीकर माळ्यावर.

"दाजी, बासरी लावत नाही का?"

"लावली की. चार दिस लावली," दाजी म्हणाले. "पर इंजिनापुढं बासरी म्हंजी हत्तीपुढं चिलट. तिला सवताला ऐकू येईना, पोटातल्याला काय येनार?"

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बहीण शिरूरला आली, आणि दिवस भरायच्या बरेच आधी भाचीबाई अवतरल्या. आकारानं माझ्या मायक्रोफोनएवढ्या. हे थोडं फुगवून सांगतोय, पण फार नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मग डॉक्टरीणबाई बहिणीजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाळ चिवट आहे, काळजी करू नका. फक्त मेंदूची जी वाढ पोटात व्हायची, ती आता बाहेर होणार. तिला छातीशी धरा, तिच्याशी बोला, झोप होऊ द्या. आणि जरा लक्ष ठेवा."

चार वाक्यांमधलं बहिणीनं नेमकं एकच ऐकलं. डॉक्टरीणबाई दाराबाहेर जातात न जातात तोच तिनं माझा दंड धरला. "दादा, पोरीच्या डोक्यात कमी राहिलंय. तेच सांगून गेल्या त्या."

"अगं, तसं कुठं म्हणाल्या?"

"मग लक्ष कशाला ठेवायचं?"

तो घोर तिथं तिच्या मनात शिरला आणि मुक्कामालाच राहिला. पोरगी जगणार हे आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. पोरगी शहाणी होणार का, एवढाच प्रश्न माझ्या बहिणीपुढं उरला, आणि तो तिनं पुढं वर्षानुवर्षं उराशी धरला.

पोरगी घरी आली आणि रडायला लागली. आकार मायक्रोफोनचा, आवाज माझ्या सगळ्यात मोठ्या भोंग्याचा. आईनं अंगाई म्हटली. शेजारच्या काकूंनी ओवी म्हटली. मी बासरी लावली, तर ती दुप्पट रडली. बासरीचं आणि तिचं वाकडं तेव्हापासूनचं. एके दुपारी बहीण थकून भिंतीला टेकली आणि सवयीनं पाठ सरकवून उबदार जागा शोधायला लागली. आमच्या भिंतीला कुठली ऊब! ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या घरात काय नाही? इंजिन नाही!

गणपतीत मी नाटकात कामं केली आहेत. राजा झालोय, दरोडेखोर झालोय, एकदा ऐनवेळी नायिका आली नाही म्हणून नायिकाही झालोय. पण त्या दुपारी मी जी भूमिका केली तिला तोड नाही. पाळण्याशी वाकलो, गाल फुगवले आणि सुरू झालो: टुक्, टुक्, टुक्, भक्!

रडणं थांबलं. दोन काळे डोळे माझ्याकडे वळले. टुक्, टुक्, टुक्, भक्! तिनं एक मोठा सुस्कारा सोडला, जसा दिवसभराचा प्रवास करून आलेला माणूस घराचा उंबरा ओलांडल्यावर सोडतो, आणि झोपली.

मग आई हळूच म्हणाली, "थांबू नकोस रे बाबा. चालू ठेव."

डॉक्टरीणबाईंना मी हा प्रयोग दवाखान्यात साभिनय करून दाखवला. त्या हसल्या, आणि मग त्यांनी मला नीट समजावलं. बाळाचे कान जन्माच्या कितीतरी आधी कामाला लागतात. बारीक, उंच आवाज आईच्या अंगातून आत पोचता पोचता विरतात; घुमणारे, जाड आवाज पोचतात. आईचा स्वतःचा आवाज तर सगळ्यांत चांगला पोचतो. बाळ ते ऐकतं आणि लक्षात ठेवतं. माझी बासरी का हरली त्याचा खुलासा झाला.

मी घरी धावलो. "ऐक! पोरीनं जन्माआधीची गोष्ट लक्षात ठेवली! असलं डोकं कमी कसं असेल?"

बहीण किंचित हसली. "दादा, इंजिनाला झोपली म्हंजी शहानी झाली व्हय?"

तिला पटलं नाही. पण माझी नोकरी मात्र पक्की झाली. दुकानात गिऱ्हाईकाशी मंडपाच्या कापडाचा रंग ठरवता ठरवता फोन यायचा आणि मी रिसीव्हरमध्ये इंजिन सुरू करायचो. गिऱ्हाइकं चहा पीत शांतपणे बघायची. लग्नघरचा एक बाप तर म्हणाला, "जनरेटर बी तुमीच होनार का?"

बहीण पोरीला घेऊन सासरी गेल्यावर तिथं खरं इंजिन होतंच, त्यामुळं मी दुसऱ्या उद्योगाला लागलो. नवजात बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच जरा नीट दिसतं, असं कळलं होतं. मग मी बरोबर तेवढ्या अंतरावर चेहरा नेऊन जीभ बाहेर काढायचो आणि वाट बघायचो. कधी काही व्हायचं नाही. कधी मात्र तिचीही इवलीशी जीभ बाहेर यायची. बहिणीच्या सासूबाईंनी हे दारातून पाहिलं आणि आत जाऊन मोठ्यानं विचारलं, "तुझा भाऊ तिला काय शिकवितोय गं? मामा हाय का माकड?"

थोडी मोठी झाली तेव्हा मी तिच्यासमोर गुळाचा खडा ठेवायचो आणि त्यावर वाटी पालथी घालायचो. आधी ती लगेच दुसरीकडे बघायची. खडा दिसत नाही, म्हणजे जगात गूळच नाही, असा सरळ हिशेब. दाजींच्या धंद्याच्या दृष्टीनं हा विचार घातक होता. आणि मग एके दिवशी तिनं वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाटी एका फटक्यात उडवून दिली. मी उठून नाचलो! डोळ्यांआड झालेली वस्तूही असते, हे ज्याला कळलं त्याला अर्धं जग कळलं. बहिणीनं मात्र तेवढ्यात खडा तिच्या तोंडातून काढला आणि म्हणाली, "एवढ्या लहान जिवाला गूळ देतात व्हय? नाच बंद कर."

चालायला लागली. पळायला लागली. सांगितलेलं सगळं करायला लागली. 'वाटी आण' म्हटलं की वाटी यायची, 'आजीची काठी दे' म्हटलं की काठी. गूळ शिजवणारा गुळव्या उत्तरेकडचा होता. तो हिंदीत म्हणायचा, 'बिटिया, पानी लाना', तर पाणीही जायचं. फक्त बोलायची नाही. दोन वर्षांची झाली, आणखी मोठी झाली. आई नाही, बाबा नाही, मामा तर नाहीच. शेजारच्या मळ्यातली तिच्याच वयाची पोरगी बांधावर उभी राहून अख्ख्या भावकीची नावं घ्यायची. तिची आई येता-जाता विचारायची, "अजून मुकीच का गं तुझी?"

कान तपासले. कान उत्तम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं समजतंय, खुणेनं सांगतेय, डोळ्याला डोळा देतेय. मी तपासत राहीन. तुम्ही बोलत राहा." दाजी रोज संध्याकाळी तिला कडेवर घेऊन सगळं गुऱ्हाळ दाखवायचे आणि बोलायचे, एरवी ते बायकोशीही इतकं बोलत नसत. बहीण मात्र तिच्या डोक्याला जपायला लागली. भर मे महिन्यात पोरीच्या डोक्याला टोपरं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उकडून मरंल की ती!" तर बहीण म्हणाली, "डोकं उघडं न्हाई ठेवायचं." जणू काही आत जे थोडंफार आहे ते वाफ होऊन जाईल.

मग दौंडच्या शाळेत बालवर्गासाठी न्यायचं ठरलं. शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि आधी मुलाला भेटायला बोलावतात. बहिणीनं मला फोन केला. तिचा आवाज कापत होता. "दादा, तितं जर म्हनाले की हिला घेता येत न्हाई, तर मग खरंच की रे कमी हाय."

मी म्हणालो, "मी येतो." आणि आलो तो मोहीम घेऊनच. मी जाहीर केलं की या घरात आजपासून कुणी 'हाय' म्हणणार नाही. 'आहे' म्हणायचं. 'न्हाई' नाही, 'नाही'. पोरगी शुद्ध ऐकेल तर शुद्ध बोलेल. मला स्वतःला हे फार पटलं होतं. घरच्यांनी मनापासून साथ दिली. सासूबाई कोंबड्यांना म्हणायला लागल्या, "इकडे या. दाणे आहेत." दाजी काहिलीशी उभे राहून म्हणाले, "गूळ... शिजत... आहे." गुळव्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, "मालिक की तबीयत ठीक नहीं है क्या?"

पोरगी या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघायची. ओठ आणखी घट्ट.

ठरल्या दिवशी आम्ही दौंडला गेलो. बहीण, दाजी, मी, आणि टोपरं घातलेली भाची. शाळेतल्या बाई पुण्याहून येणाऱ्या, हसऱ्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी टेबलावर तीन रंगीत पेले उपडे ठेवले, एकाखाली प्लॅस्टिकचं पिवळं बदक लपवलं आणि भाचीच्या डोळ्यांदेखत पेले सावकाश इकडून तिकडे सरकवले.

"सांग बरं बाळा, बदक कुठे आहे?"

बहिणीनं माझ्या दंडात नखं रुतवली. भाचीनं तिन्ही पेल्यांकडे पाहिलं. मग मधल्या पेल्यावर नजर रोवून, जन्मात पहिल्यांदा, खणखणीत आवाजात ती म्हणाली:

"हाय."

बाईंचा चेहरा फुलला. त्यांनी हात हलवला. "हाय! हॅलो! हाऊ स्वीट!"

भाचीच्या कपाळाला आठी पडली. ती जरा जोरात म्हणाली, "हाय!"

"हाय बेटा, हाय! आता सांग, बदक कुठे आहे?"

"हाय!"

"हो हो, हाय! आणि बदक?"

मी थिजलो होतो. पोरीचा पहिला शब्द आणि तो इंग्रजी? हिनं हा उचलला कुठून? दाजींच्या चेहऱ्यावर तर अभिमान दिसायला लागला होता. चार-पाच वेळा हा नमस्कार-चमत्कार झाला. शेवटी बाई थोड्या ओशाळून बहिणीला म्हणाल्या, "भेटल्यावर बोलते छान. पण प्रश्न कळत नाहीये बहुतेक. दुसरं काही बोलते का?"

बहिणीचा चेहरा मी बघत होतो. आधी पांढरा पडला. मग तिनं लेकीकडे पाहिलं. लेकीचं बोट टेबलाच्या काठावरून मधल्या पेल्याकडे चाललं होतं. आणि बहीण एकदम खुर्चीतून उठली. माझी मोहीम, शुद्ध भाषा, सगळं तिथंच गळून पडलं.

"अवो बाई! ती तुमास्नी हाय करीत न्हाई! बदक हाय म्हनतीया! तितं हाय! काय गं बाय, कुठं हाय बदक?"

आईची खरी भाषा कानावर पडली आणि पोरीचा बांध फुटला.

"हाय! हितं हाय! बदाक हितं हाय! बाईला दिसतच न्हाई!"

बाईंनी मधला पेला उचलला. खाली पिवळं बदक.

बाई हसल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाईला दिसतच नाही," त्या म्हणाल्या, "अगदी खरं आहे!" मग त्यांनी भाचीचा हात हातात घेतला आणि विचारलं, "अजून काय काय हाय गं?" भाचीनं खोलीतली प्रत्येक वस्तू दाखवायला सुरुवात केली. पंखा हाय. खुर्ची हाय. बाबा हाय. आणि माझ्याकडे बोट: मामा हाय! लोक आयुष्यभर ज्याच्यासाठी झटतात, ते प्रमाणपत्र मला तिथं दौंडमध्ये मिळालं.

परतीच्या वाटेवर ती बोलतच होती. शब्द सगळे आत साठून राहिले होते, भरलेल्या टाकीसारखे. तोटी उघडायची तेवढी बाकी होती. मुलं कित्येक शब्द बोलण्याच्या आधीच समजून बसलेली असतात, आणि भाषा ती धड्यातून नाही, आपल्याशी मनापासून बोलणाऱ्या माणसाच्या तोंडातून घेतात, हे मी बरंच वाचलं होतं. वाचलेलं डोळ्यांनी बघायला मिळालं. दाजी जीपवाल्याला सांगत होते, "बोलतीया बरं का! माझी पोरगी बोलतीया!" मी बहिणीला विचारलं, "आता तरी गेला का घोर?"

"गेला," ती म्हणाली. मग टोपरं चाचपत, "पर एवढा उशीर का लागला असंल रं?" आणि तिनं टोपऱ्याची गाठ घट्ट केली.

पुढच्याच वर्षीची गोष्ट. मी गेलो होतो आणि ओट्यावर भाची उभी. हनुवटीवरून काकवीचा ओघळ, फ्रॉकवर काकवी, जमिनीवर काकवीची पावलं. बहिणीनं विचारलं, "काकवी कुनी खाल्ली?"

भाचीनं क्षणभर विचार केला. मी तिचे डोळे बघत होतो. आत चाकं फिरत होती. मग ती म्हणाली, "मामानं."

मी उडी मारून उठलो आणि सरळ गाडी काढून केडगावातून पेढे घेऊन आलो. सासूबाईंच्या हातात पहिला पेढा ठेवला.

"कशाचं वो पेढं?"

"पोरीनं थाप मारली!"

"चोरी केली, वर खोटं बोलली, आन् तुमी पेढं वाटताय?" सासूबाईंनी पेढा मात्र तोंडात टाकला होता.

"आत्याबाई, नीट बघा. थाप मारायला काय लागतं? माझ्या मनात आहे ते आईच्या मनात नाही, हे कळावं लागतं! आईनं काय मानावं ते आपण ठरवू शकतो, हे सुचावं लागतं! आणि वर आळ कुणावर घालायचा त्याची निवड करावी लागते. तिनं काय निवड केलीय! मी इथला सगळ्यात संशयास्पद माणूस!"

"व्हय, ते खरं हाय," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसरा पेढा घेतला. "पर तोंड पुसायचं सुचलं न्हाई बगा."

"ते पुढच्या वर्षी सुचेल!"

बहीण पदर तोंडाला लावून हसत होती. टोपरं त्या दिवसापासून दिसेनासं झालं. पण घोर नुसता आपली जागा बदलून बसला. सायकल नको, डोक्यावर पडशील. विहिरीत पोहायला नको, डोक्यात पाणी जाईल. झाडावर नको. पतंगाला गच्चीवर नको. पोरगी पाढे धडाधडा म्हणायची, गोट्यांच्या डावात नियम काढून भांडायची, वर्गात पुढं होती. तरी आईला प्रत्येक पायरी डोकं फोडायलाच बांधलेली दिसायची.

आणि मग भाची तेरा-चौदाची झाली आणि एका सकाळी फोन आला. "दादा, परत डोक्याचंच काहीतरी झालंय."

"काय झालं?"

"सकाळी उठत न्हाई. डबा विसरती. एक सांगावं तर दुसरंच करती. हसली तर हसतच बसती, रडली तर दार आपटती. मला म्हनती, तुला काय कळतंय. आधी अशी नव्हती रं."

मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी विचारलं, "तुमचा धंदा मंडपाचा ना? मोठ्या कार्यक्रमाआधी वायरी कशा टाकता?"

"गरजेपेक्षा जास्तच टाकतो. कुठला भोंगा कुठं लागेल सांगता येत नाही."

"आणि मग?"

"मग जिथनं आवाज चालतो त्या पक्क्या करतो, बाकीच्या गुंडाळतो."

"या वयात मेंदू तेच करत असतो," त्या म्हणाल्या. "जी वाट वापरात आहे ती पक्की, नसलेली काढून टाकायची. आणि हौस, राग, उत्साह यांचा आवाज आधीच मोठा झालेला असतो. तो कमी-जास्त करायचं बटण सगळ्यात शेवटी बसतं. विशी उलटली तरी काम चालू असतं. झोपेचं घड्याळही पुढं सरकतं. तिला आळशी म्हणू नका."

हे मी बहिणीला जसंच्या तसं सांगितलं. तिनं विचारलं, "म्हंजी बिघाड न्हाई?"

"नाही. मंडप उभा राहतोय."

"मग एवढा आवाज?"

"मंडप उभा राहताना बघितलायस ना कधी?"

त्याच सुमारास भाचीच्या तोंडात एक नवा शब्द आला: समजा. त्या शब्दानं घरात धुमाकूळ घातला. "समजा ऊस गोड नसता तर आपण काय केलं असतं?" "समजा सगळेच खोटं बोलले तर?" "समजा आजी, तू माझी नात असतीस तर?" सासूबाई म्हणाल्या, "मग मी तुला दोन रट्टं दिलं असतं." जे समोर आहे त्याच्याबद्दल सगळेच बोलतात. जे नाही, जे झालं असतं, जे होऊ शकेल, त्याला मनात उभं करून चहूबाजूंनी हलवून बघणं, हे डोक्याचं सगळ्यात मोठं नाटक. आणि नाटकाच्या बाबतीत माझा शब्द प्रमाण माना.

यंदा दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटी, तुळशीचं लग्न उरकताच, वाटेवरच्या न्हावऱ्यात माझं एका लग्नाचं काम होतं. ते उरकून मी बहिणीकडे टेकलो तर घरात युद्ध. शाळेच्या कबड्डीच्या संघात भाचीची निवड झालेली, जिल्ह्याच्या सामन्यांना जायचं होतं, आणि बहीण दारात आडवी उभी. मला बघताच दोघी एकदम म्हणाल्या, "विचार मामाला!" आणि "दादा, तूच सांग!"

मी खुर्ची ओढली. दाजींनी शेंगांची पाटी पुढं ठेवली. असा खेळ फुकट बघायला मिळत नाही.

"कबड्डीत आपटतात," बहीण म्हणाली. "डोक्याला मार लागला तर? जन्मल्यापासनं नाजूक हायेस तू. मी तळहातावर वाढवलीया तुला."

"आई, समजा मी गेले नाही," भाची म्हणाली. शांतपणे, हे मला विशेष वाटलं. "घरी बसले. तुझी भीती जाईल?"

"तेवढी तरी जाईल."

"सायकल दिली नाहीस, तेव्हा गेली? पोहायला पाठवलं नाहीस, तेव्हा गेली?"

बहिणीनं मान झटकली. मग म्हणाली, "ते येगळं. तितं पडलीस तर?"

"पडणार की."

"बघ दादा! बघ काय म्हनती!"

"रोज पडते," भाची म्हणाली.

दाजींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"रोज म्हंजी?" बहिणीनं विचारलं.

"मागच्या वर्षीपासून खेळते. शाळा सुटल्यावर. एसटी चुकली म्हणायचे ना, तेव्हा चुकली नव्हती." तिनं श्वास घेतला. "आई, वर्षभर मी मातीत आपटतेय. आणि वर्षभर तू माझ्यावर डोळा ठेवून आहेस. मी जरा विसरले तरी मामाला फोन करतेस. मग तूच सांग. तुझ्याइतकं बारीक कुणी बघत नाही. या वर्षात माझ्यात काय कमी झालं?"

बहीण बोटं मोजायला लागली. मी तिला ओळखतो. ती आठवत होती. सगळं वर्ष ती मनातल्या मनात चाळून बघत होती, एखादं चुकलेलं उत्तर, एखादा अडखळलेला शब्द, काहीतरी. सापडेना.

"आणि मला कळतं तू का भितेस," भाची पुढं म्हणाली, आता जरा हळू. "मी तुझ्या जागी असते, आणि माझं बाळ पेटीत असतं, तर मीपण भ्याले असते. पण आई, मी पेटीतून कधीच बाहेर आलेय. तूच अजून काचेला नाक लावून उभी आहेस."

सासूबाई आतून बाहेर येऊन दाराला टेकल्या होत्या. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण पंचानं टाळ्या वाजवू नयेत म्हणून हात मांडीखाली दाबून बसलो.

बहीण खाली बसली. तिच्या तोंडाकडे बघून मला आधी वाटलं, आता रडते. पण तिच्या पोटातून काहीतरी वेगळंच वर येत होतं. ती हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग सगळी. हसता हसता तिनं कपाळावर हात मारला. "दादा, हरले की रं मी! पार हरले! एक बी उत्तर न्हाई माझ्याकडं!"

"मग जाऊ?" भाचीनं विचारलं.

"जा. आन् एसटी चुकली म्हनून थापा मारल्यास त्याचं काय करायचं ते मागनं बघते. खेळायचं तर नीट खेळ. गुडघ्याला पट्टी बांध. डोक्याचं..." ती थांबली. तिनं लेकीला खालून वर, सावकाश, पूर्ण बघितलं, जणू पेटी उघडून आत्ताच कुणीतरी पोरगी तिच्या हातात दिलीय. "डोक्याचं राहू दे. ते हाय चांगलं."

भाचीनं एक आरोळी ठोकली, माझ्या हातातल्या शेंगा उधळल्या, बॅग भरायला पळाली, आणि अर्ध्या वाटेवर परत येऊन विचारलं, "आई, माझी बॅग कुठं ठेवलीय मी?"

तेवढ्यात बांधावर शेजारीण दिसली. तीच, येता-जाता 'अजून मुकीच का' विचारणारी. बहीण पदर खोचून अंगणात धावली. मी खिडकीतून बघत होतो. आमच्या घराण्याचा आवाज मोठाच. माझ्या सगळ्या भोंग्यांना पुरून उरेल एवढ्या मोठ्यानं ती ओरडली:

"अवो, ऐकलं का! माझ्या पोरीनं आज मला बोलूच दिलं न्हाई!"